तातडीने मदत: आयजीएफ-१ (वाढीचं जनुक) आणि कोंबडीच्या छातीच्या मांसाचा संबंधच दिसेना

पेशीमित्र: १२० ब्रॉयलर, आयजीएफ-१ चा प्रमोटर (जनुकाचं काम सुरू करणारा डीएनएचा भाग), ८१३ बेसपेअर (डीएनएच्या लांबीचं एकक) लांबीचा तुकडा, हिन्फ-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापला. तुकड्यांच्या लांबीप्रमाणे पक्षी: फक्त ६२२ वाले १८, मिश्र (दोन्ही प्रकारचे तुकडे असलेले) ९६, ३७८-२४४ वाले ६. छातीच्या मांसाच्या वजनाशी संबंध शून्य. पेपरांत तर फरक दिसतो! कुठलं सॉफ्टवेअर वापरू? प्रबंध अडलाय.

चाळणी: सॉफ्टवेअरचं नंतर बघू. नर-माद्या किती, बाप किती, हॅच (एका वेळी उबवलेली पिल्लं) एकच का? एका बापाची पिल्लं एकाच जीनोटाइपमध्ये (जनुकाच्या प्रकारात) गोळा झाली, तर जनुकाचा परिणाम कुठला आणि घराण्याचा कुठला, ते सांगता येत नाही.

चिपवाला: एका जनुकाचा नाद सोडा, ६०के चिप (जीनोममधल्या साठ हजार जागा एकदम तपासणारी) लावा.

चाळणी: १२० पक्ष्यांवर? साठ हजार चाचण्यांची बॉनफेरोनी मर्यादा (अनेक चाचण्यांमुळे कडक केलेली पी-व्हॅल्यूची अट) ०.००००००८ च्या आसपास जाते. हाती काही लागणार नाही.

रसिक: मांस निबर येत असेल तर लगेच हाडावरून सोडवू नका. निदान चार तास थंड ठेवा, स्नायूंचा ताठरपणा उतरू द्या.

जेलवाली: इथे प्रश्न वजनाचा आहे. पेशीमित्र, तुमचे आकडेच गडबड सांगतायत. हार्डी-वाइनबर्गनुसार (यादृच्छिक मिलनात जीनोटाइप किती यावेत ते सांगणारा नियम) साधारण ३६, ६० आणि २४ यायला हवेत. कापणी अर्धवट झाली की कापला जाणारा होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेला) पक्षी मिश्र दिसतो, म्हणून तुमचा तो गट ६ वर आला असेल.

चिपवाला: असंच काही नाही. बापाची आणि आईची लाइन (वंशावळ) वेगळी असेल तर संकरात मिश्र खरोखरच जास्त येतात.

जेलवाली: मान्य, पण जेल (तुकडे लांबीप्रमाणे पट्ट्यांत वेगळे करणारा थर) बघून ठरवता येतं. १९१ चा तुकडा प्रत्येक नमुन्यात सुटतो, म्हणून ८१३ ची पट्टी उरली असेल तर कापणी अपुरी. खऱ्या मिश्रात ६२२ ची पट्टी ३७८ पेक्षा ठळक हवी, कारण तुकडा लांब म्हणून रंग जास्त धरतो. उलट दिसलं तर तो नमुना संशयित. परत कापताना १० मायक्रोलिटर पीसीआर उत्पादन (वाढवलेला डीएनए), १० युनिट एन्झाइम, एकूण २५ मायक्रोलिटर, ३७ अंशांवर रात्रभर. एन्झाइम एकूण आकारमानाच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा, त्यातलं ग्लिसरॉल वाढलं की नको तिथेही कापतं.

पेशीमित्र: ६२२ पुसट आणि ३७८ ठळक असे बरेच आहेत. आज रात्री परत लावतो. नर-माद्या मिश्र आहेत, मॉडेलमध्ये लिंग घातलंय आणि जिवंत वजन कोव्हेरिएट (त्याचा प्रभाव वेगळा काढण्यासाठीचा घटक) म्हणून.

चाळणी: मग तेही बघा! आयजीएफ-१ अख्ख्या पक्ष्याची वाढ हलवतं. जिवंत वजन स्थिर धरलं की जनुकाचा बराचसा परिणाम तेच गिळतं. वजनासकट आणि वजनाशिवाय, दोन्ही मॉडेलं चालवा. पहिलं मांसाच्या प्रमाणाबद्दल सांगेल, दुसरं एकूण मांसाबद्दल.

पिवळाधमक: छातीच्या मांसाचा पिवळेपणाही मोजा. बीसीएमओ१ या जनुकाचा परिणाम तिथे स्पष्ट दिसतो, कारण ल्युटिन (पिवळं रंगद्रव्य) साठणं त्यावर अवलंबून असतं.

चाळणी: खाद्य एकच असेल तरच, मक्याचं प्रमाण बदललं की रंगही बदलतो. पेशीमित्र, बाप किती ते अजून सांगितलं नाहीत.