जूनमध्ये मृग का दिसत नाही?

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, मग त्याच दिवसांत मृगाचे तारे आकाशात का दिसत नाहीत, या प्रश्नाला ढगांचे कारण दिले जाते. ते पुरेसे नाही, कारण आभाळ निरभ्र असले तरी ते तारे तेव्हा दिसणार नाहीत. नक्षत्र ‘लागणे’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या भागात येणे, आणि सूर्याच्या आसपासचे तारे दिवसाच्या उजेडात लोपलेले असतात.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते, पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीच्या कक्षेत जवळपास एक अंश पुढे सरकलेली असल्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला सुमारे चार मिनिटे अधिक फिरावे लागते. म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर उगवतो. डिसेंबरात आपल्याकडे तुरीच्या जागलीला किंवा हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला गेलेल्यांना मृग संध्याकाळी पूर्वेला आणि मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला बराच उंच दिसतो, तो यामुळेच.

पेरणीच्या दृष्टीने मला आणखी एक बाब महत्त्वाची वाटते. पृथ्वीच्या अक्षाची परांचन गती, म्हणजे भोवऱ्यासारखे त्याचे सावकाश डोलणे, सुमारे २६,००० वर्षांत एक आवर्तन पूर्ण करते. त्यामुळे सूर्याच्या मृगप्रवेशाची तारीख साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते, पाऊस मात्र ऋतुचक्राशीच बांधलेला राहतो.