युरोपचा स्पेसएक्स म्हणे!

खवचट पुणेकर
काल एकाची पोस्ट वाचली, 'युरोपचा स्पेसएक्स म्युनिकमध्ये जन्मला!' डोकं फिरलं म्हणून हा धागा. म्युनिकच्या इसार कंपनीचं स्पेक्ट्रम रॉकेट ३० मार्च २०२५ ला नॉर्वेतल्या आंडोयाहून उडालं आणि अर्ध्या मिनिटात समुद्रात. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, आरएफए या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या रॉकेटचा पहिला टप्पा स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर चाचणीतच जळाला. अजून पाळणा हलला नाही आणि हे बारशाचे पेढे वाटतायत. युरोपचं मोठं रॉकेट एरियन-६ आलंय खरं, पण वर्षाला ३४ कोटी युरोपर्यंतच्या सरकारी सलाईनवर. मधल्या काळात गॅलिलिओचे, म्हणजे युरोपच्या जीपीएसचे, उपग्रह स्पेसएक्सच्या फाल्कनवर चढवले. घरचं सामान, परक्याचा टेम्पो.

ब्रेमेनकर
स्पेसएक्सचं पहिलं रॉकेट फाल्कन-१ पहिल्या तिन्ही वेळा आपटलं होतं, २००८ मध्ये चौथ्यांदा जमलं. नंतर नासाचं कंत्राट मिळालं नसतं तर मस्कच्या दुकानालाही कुलूप लागलं असतं. अमेरिकेनं पैसे दिले की दूरदृष्टी, युरोपनं दिले की सलाईन?
खरा रोग जिओ-रिटर्नचा नियम. ईएसएत, म्हणजे युरोपच्या अवकाश संस्थेत, ज्या देशाचा जेवढा पैसा, तेवढं काम त्याच देशात. सात भावांचा वाडा: प्रत्येकाला खोली, जिना झाडायला कुणी नाही. इसारवाले बहुतेक सगळं एका छपराखाली करतात, म्हणून मला त्यांच्याकडून आशा आहे.

गावठी इंजिनिअर
वाडा मोडला कुठे? ईएसएनं जुलै २०२५ मध्ये नव्या रॉकेटांसाठी पाच कंपन्या निवडल्या. जर्मनी पैसे घालणार जर्मन कंपन्यांत, स्पेन आपल्या पीएलडी कंपनीत. प्रत्येकाला आपलाच पोरगा पहिला यायला हवा.

स्पष्टवक्ती
पैशाचं सोडा हो. तिकडच्या एका पुरवठादाराला आम्ही जुलैअखेर मेल टाकली. उत्तर आलं, 'सुट्टीवर आहोत, १ सप्टेंबरला भेटू.' महिनाभर आमचं मशीन धूळ खात! ही माणसं रॉकेट उडवणार?

ब्रेमेनकर
हो, उडवणार. पुण्यात मी सहा वर्षं काढली आहेत. बाबा आयसीयूत होते आणि मॅनेजरनं मला जिन्यात उभं राहून क्लायंट कॉल घ्यायला लावला. इथं मुलगी झाली तेव्हा चार महिने घरी होतो, कुणी भुवई उचलली नाही. तुमचं मशीन धूळ खाल्लं तर पुसा.

स्पष्टवक्ती
वैयक्तिक होऊ नका. मला दोन्ही बाळंतपणांनंतर कामावरून फोन आले होते, आणि मी ते घेतले. त्याचा टेंभा मिरवत नाही.

गावठी इंजिनिअर
घेतले हीच चूक, ताई.
आणि चार महिन्यांची रजा छानच, पण युरोपचं छोटं रॉकेट वेगा-सी डिसेंबर २०२२ मध्ये पडलं ते परत उडायला दोन वर्षं लागली. त्याच सुमारास वनवेब या इंटरनेट कंपनीचे ७२ उपग्रह आपल्या इस्रोनं दोन खेपांत नेले. ईएसएचं प्रोबा-३ यान सुद्धा आपल्या पीएसएलव्ही रॉकेटवरच गेलं.

ब्रेमेनकर
आणि मे २०२५ मधलं पीएसएलव्हीचं सी-६१ उड्डाण? ते रजेमुळे पडलं का?

गावठी इंजिनिअर
लागलं.

खवचट पुणेकर
धागा रॉकेटचा होता, प्रसूतिरजेचा नाही! असो. एवढं मान्य: युक्रेन युद्धामुळे रशियाचं सोयूझ रॉकेट हातचं गेलं आणि युरोपची झोप उडाली. आयरिस-स्क्वेअर या युरोपच्या दळणवळण जाळ्याचे २९० उपग्रह न्यायचेत, लष्करंही खिसा सैल करतायत, तेव्हा त्या पाच कंपन्यांतली एखाददुसरी तगेल. पण गिऱ्हाईक सरकारच असेल तर तिला 'खासगी' म्हणू नका. आमच्याकडे त्याला ठेकेदार म्हणतात.

ब्रेमेनकर
चालेल. ठेकेदार तर ठेकेदार, रॉकेट उडालं म्हणजे झालं.

स्पष्टवक्ती
रजेसाठी कुणीतरी वेगळा धागा काढा. मला बरंच बोलायचंय.

ब्रेमेनकर
उद्या काढतो. आज रविवार, इथं सगळं बंद.