तांबी बसवल्यापासून पाळीचा त्रास वाढला आहे. अजून थांबावे की बदलून घ्यावी?

माझे वय 32 असून धाकटे बाळ 14 महिन्यांचे आहे. पाच महिन्यांपूर्वी मी सरकारी रुग्णालयात तांबी, म्हणजे कॉपर टी 380 ए, बसवून घेतली. ती दहा वर्षे चालते, तिच्यात हार्मोन नसतात आणि हवी तेव्हा काढता येते, म्हणून आम्ही दोघांनी विचार करून तीच निवडली. अडचण आहे ती पाळीची.

पूर्वी 28-29 दिवसांनी येणारी पाळी चार दिवसांत आटोपत असे. अंतर अजूनही तेवढेच आहे, परंतु आता सात-आठ दिवस अंगावरून जाते, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दर दोन-अडीच तासांनी पॅड बदलावे लागते, गाठी पडतात आणि ओटीपोटातली कळ मांड्यांपर्यंत उतरते. शिवाय पाळीच्या तीन दिवस आधीपासून तपकिरी डाग पडू लागतात. मी वहीत नोंद ठेवली आहे: पूर्वी एका पाळीला 13-14 पॅड लागत, तांबीनंतरच्या दुसऱ्या पाळीला 27 लागले आणि या वेळी 23. हिमोग्लोबिन 11.9 वरून 10.6 वर आले आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते, कारण बाळाला उचलून जिना चढताना धाप लागते.

डॉक्टरांनी तपासले तेव्हा तांबीचे दोरे व्यवस्थित लागले, सोनोग्राफीतही तांबी जागेवर दिसली. त्यांनी समजावले की ही तांबी सहसा बीज बाहेर पडणे थांबवत नाही, म्हणून पाळीचे चक्र बदललेले नाही. मात्र तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला सौम्य दाह होतो, तेथे प्रोस्टाग्लँडिन हे कळ आणणारे रसायन वाढते आणि त्यामुळे स्राव आणि कळ दोन्ही वाढतात. बहुतेकींना तीन ते सहा महिन्यांत आराम पडतो, असे त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या दिवसांपुरते मेफेनॅमिक ॲसिड (वेदनाशामक) व ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे) चालू आहे.

सहा महिन्यांनंतरही फरक पडला नाही तर लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबी बसवता येईल, असे त्यांनी सुचवले. तिच्यामुळे सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडतात, पुढे स्राव पुष्कळ कमी होतो आणि काहींची पाळी थांबतेही. हे ऐकल्यापासून सासूबाई अस्वस्थ आहेत. पाळी आली नाही तर घाण आत साठते, अशी त्यांची समजूत आहे. अस्तर पातळच राहते, त्यामुळे साठायला काही नसते, हे डॉक्टरांचे उत्तर मला पटले, पण त्यांना कसे पटवावे ते सुचत नाही. (त्या माझ्या भल्यासाठीच बोलतात, म्हणून त्यांचे बोलणे उडवून लावण्याची माझी इच्छा नाही.)

ज्यांनी तांब्याची तांबी वर्षभर तरी ठेवली आहे त्यांनी कृपया सांगावे: सहाव्या महिन्यानंतर स्राव खरोखर कमी झाला का, की तेवढाच राहून केवळ सवय झाली? आणि ज्यांनी ती काढून हार्मोनची बसवली, त्यांचे सुरुवातीचे डाग किती महिने चालले, हिमोग्लोबिन भरून यायला किती काळ लागला? माझी पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे, त्याआधी आपले अनुभव वाचायला मिळाले तर डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते मला ठरवता येईल.