ॲनिमेशनमध्ये पात्राचं वजन टायमिंगमधून येतं की पोझमधून?

कीफ्रेम२४: पात्र जड दाखवायचं म्हणून सगळी हालचालच संथ करणं मला साफ चुकीचं वाटतं. पात्र पाण्याखाली चालल्यासारखं दिसतं. पडताना हलकं-जड दोन्ही सारखंच पडतं: एक मीटर खाली यायला साधारण ०.४५ सेकंद, म्हणजे २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) ११ फ्रेम. तिथे २० दिल्या की वजन वाढत नाही, गुरुत्वाकर्षण कमी झाल्यासारखं दिसतं. वजन कळतं ते वेग किंवा दिशा बदलताना. जड पेटीला हात लागला की ती लगेच हलू देऊ नका. कंबर खाली, कोपरं ताठ, ८-१० फ्रेम नुसता जोर, मग पेटी जमीन सोडेल.

सिल्हूट: असहमत. त्या १० फ्रेममध्ये पोझच चुकीची असेल तर टायमिंग काय करणार? पेटी पुढे आली की कंबर मागे जायलाच हवी, नाहीतर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य पावलांच्या बाहेर पडतो आणि पेटी थर्माकोलची वाटते. स्टेप्ड मोडमध्ये (नुसत्या मुख्य पोझ, मधली हालचाल नाही) वजन दिसत नसेल तर स्प्लाइन (पोझ सलग हालचालीने जोडणं) करूच नका. आणि संथपणा नेहमीच चूक नसतो. राक्षसाची कंबर चार मीटर खाली येत असेल तर २२ फ्रेम लागणारच.

कीफ्रेम२४: राक्षसाचं मान्य, पण तिथे अंतर वाढलंय, वजन नाही. शिवाय तोलाचा नियम उभ्या पात्राचा. चालताना प्रत्येक पावलाला कंबर टेकलेल्या पायाच्या अगदी वर नेली तर पात्र बदकासारखं डुलतं. १२ फ्रेमच्या पावलात १ ला कॉन्टॅक्ट (टाच टेकते), ४ ला डाउन (शरीर सर्वांत खाली), ७ ला पासिंग (मागचा पाय पुढे जाताना), १० ला अप (शरीर सर्वांत वर). जड पात्राला डाउन खोल द्या आणि तिथून वर यायला दोन-तीन फ्रेम जास्त द्या.

ओव्हरलॅप: तुमच्या चर्चेत अपील, म्हणजे पात्र बघावंसं वाटणं, राहूनच गेलं. वजन बरोबर असूनही शॉट निर्जीव वाटतो, कारण खांदा, कोपर, मनगट एकाच फ्रेमला थांबतात. प्रत्येक पुढच्या सांध्याला आधीच्यापेक्षा दोन फ्रेम मागे ढकला. रेफरन्स व्हिडिओ (खऱ्या माणसाच्या हालचालीचा) फ्रेमगणिक उतरवू नका. त्यातले पाच-सहा टोकाचे क्षण घ्या आणि पाठीचा बाक थोडा वाढवा.

सिल्हूट: सरसकट दोन फ्रेम नको. पेटी धरलेले हात मागे राहिले तर पकडच सुटलेली दिसते. तिथे मनगट पेटीला पक्कं, ओव्हरलॅप, म्हणजे हे मागाहून थांबणं, डोक्याला आणि पोटाला.