मदत हवी आहे: चार मुलं, एक टेबल, चाळीस मिनिटं

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात विशेष शिक्षिका आहे. आजवर एकेका मुलासोबत काम केलं. या सत्रापासून (आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे जुलैच धरा) चार मुलांचा गट दिलाय. रोज चाळीस मिनिटं, एक बुटकं टेबल, मदतीला एक मावशी. मावशी मायाळू आहेत, पण मुलाने हात लावायच्या आत त्याचं काम त्याच उरकून टाकतात.

२०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातल्या तीन प्रकारांत मोडणारी मुलं माझ्या एका टेबलाभोवती बसतात, चौथीचं निदान अजून व्हायचंय. खरी नावं देत नाही, टोपणनावांवर भागवा.

हसरी, सहा वर्षांची, डाउन सिंड्रोम. बोटांत जोर कमी, कपड्यांचा चिमटा दाबला जात नाही, थोड्या वेळात थकून टेबलावर डोकं टेकते.

इंजिन, सात वर्षांचा, स्वमग्न. चाकं, झाकणं, जे रांगेत लावता येईल ते सगळं प्रिय. ओलं, चिकट काही हाताला लागलं की किंचाळतो. बोलत नाही, चित्र दाखवून मागतो.

राजे, आठ वर्षांचे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी). उजव्या हाताची मूठ घट्ट. डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा तेज. शब्द हळू येतात आणि तेवढं थांबायला कुणाला वेळ नसतो, त्याचा त्यांना राग.

पळपुटी, पाच वर्षांची. बसणं मंजूर नाही, दिसेल ते तोंडात.

कृपया उपक्रमांची यादी देऊ नका. मणी ओवणे, डाळी वेगळ्या करणे, कणकेचे गोळे, सगळं कपाटात आहे. (मणी आणि डाळी पळपुटीमुळे कपाटातच असतात. घशात अडकलं तर?) एकेकट्यासोबत हे सगळं छान चालतं. चौघं एकत्र आली की मी एकाजवळ वाकते आणि तिघं वाट बघतात. वाट बघणंच या मुलांना सगळ्यात जड जातं.

तान्ह्या पोळ्याचं सांगते. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, बोजारा म्हणून पैसे-खाऊ मिळतो. नागपूरकर भोसल्यांनी सुरू केलेली प्रथा. मी हौसेने चाकांचा नंदी आणला, रंग, बेगड, डिंक मांडला. इंजिनने नंदी आडवा केला आणि चाक फिरवत बसला. डिंक बोटाला लागला तेव्हा जो ओरडला, शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. पळपुटीने बेगड खाल्लं. हसरी झोपली. शेवटी मावशींनी नंदी सजवला, फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, ‘मुलांनी सजवलेला नंदी’. खाली हात जोडलेले, फुलं, सगळं. राजेंना फोटो दाखवला तर ते म्हणाले, “मा... व... शींचा नंदी.”

ते मनातून जात नाही. चौघांचे हात एकाच वेळी खरोखर कामात असतील असं काही कुणी केलंय का? आता गाड्यांवर संत्री आलीत, स्वस्त आहेत, वास सगळ्यांना आवडतो. त्यांचं काही करता येईल?

प्रतिसाद १
यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत, बघून घ्या.

प्रतिसाद २
ताई, मी अमरावतीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नंदी चांगलाच होता, पण तो एक आणि मुलं चार. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांची प्रतवारी बघितलीय ना? ओतणारा वेगळा, निवडणारा वेगळा, पेटी भरणारा वेगळा. माल पुढे सरकतो म्हणून कुणी रिकामं बसत नाही. तसं टेबल लावा.

पळपुटीला बसवूच नका. टोपली खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, तिने एकेक संत्रं दोन्ही हातांत धरून आणायचं. अख्खं संत्रं तोंडात मावत नाही, आणि उचलून चालण्याचं काम मिळालं की अशी मुलं बऱ्याचदा शांत होतात.

इंजिनला लहान-मोठं वेगळं करू द्या. पुठ्ठ्याला गोल भोक पाडा. खाली पडलं ते लहान, अडकलं ते मोठं. हात कोरडे राहतात. रसाची सक्ती नको, लागलंच तर शेजारी कोरडा रुमाल.

हसरीला सोलणं. नागपुरी संत्र्याची साल सुटी, याहून सोपं फळ शोधून सापडणार नाही. मात्र शेवटाकडून शिकवा. सगळं तुम्ही सोला, शेवटचा तुकडा तिने ओढायचा. जमलं की शेवटचे दोन, मग तीन. सुरुवात तिला दिली तर दरवेळी अर्ध्यात थकते आणि पूर्ण तुम्ही करता. शेवट दिला तर ‘झालं!’ दरवेळी तिचं. आणि तिचे पाय जमिनीला टेकतात का बघा. लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, डोकं टेकणं पुष्कळ कमी होईल.

राजेंची मूठ ओढून उघडू नका. मनगट अलगद खाली वाकवलं की बोटं सैल पडतात, मग सोललेलं संत्रं त्या तळव्याखाली. तो हात धरायचा, डावा फोडी काढायचा. ताटलीखाली ओला फडका घाला, सरकत नाही. आणि मुकादम त्यांनाच करा. ते ‘पुढचं’ म्हणेपर्यंत पळपुटीने टोपलीकडे निघायचं नाही. मग त्यांचा शब्द पुरा व्हायची वाट सगळेच बघतील, कारण त्याशिवाय माल येणार नाही.

फोडी बिया काढूनच वाटा.

धागाकर्ती
मुकादम! हे मला सुचलं नसतं. एक शंका: संपलं हे इंजिनला कसं कळवू? मध्येच थांबवलं की गोंधळ होतो.

प्रतिसाद ३
मी मनीषनगरला राहते, माझा मुलगाही स्वमग्न आहे, आता पंधराचा. घरी घड्याळ, टायमर सगळं करून पाहिलं. चाललं ते एकच, रिकामं भांडं. सांबार निवडायला दिला (कोथिंबीर हो, नागपूरबाहेरच्यांनी इडलीकडे जाऊ नये) तर जुडी संपली की काम संपलं, हे त्याला दिसतं. तुम्ही आठच संत्री ठेवा. टोपली उपडी केली की संपलं.

मावशींचंही सांगते, कारण मी स्वतः तशीच होते. ‘हात लावू नका’ म्हटल्याने थांबवत नाही. त्यांच्या दोन्ही हातांत काम द्या, मांडीवर परात, त्यात सालं गोळा करायची.

धागाकर्ती (दहा दिवसांनी)
कळवायला उशीर झाला. पहिला दिवस वाईट गेला. पळपुटीने संत्रं सालीसकट चावलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चावलं. इंजिनने पुठ्ठा उचलून भोकातून मावशींकडे बघितलं, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी रांग जमली. घड्याळ लावून सांगते, अकरा मिनिटं. मी त्यात फक्त हसरीजवळ होते. ती आता शेवटचे तीन तुकडे काढते आणि प्रत्येक वेळी साल मावशींना दाखवून मगच परातीत टाकते. इंजिनच्या बोटाला काल रस लागला. त्याने हात झटकला, रुमालाला पुसला आणि पुढचं संत्रं घेतलं. मी श्वास धरून होते.

राजे आवाज चढवून “पु... ढ... चं” म्हणतात. शनिवारी पळपुटी आधीच धावली तर त्यांनी तिला परत पाठवलं. आणि ती परत गेली! माझ्या सांगण्याने ती आजवर कधी गेलेली नाही. या वेळी ग्रुपवर सजवलेल्या वस्तूचा फोटो नाही, सालं भरलेल्या परातीचा टाकला. एका आईने विचारलं, काहून बाई, कचऱ्याचा फोटो? सांगितलं सगळं.

अकरा मिनिटांनंतरच्या एकोणतीस मिनिटांचं अजून जमायचंय. शिवाय संत्री काय बारा महिने नसतात. हा बहार संपला की काय आणू?

प्रतिसाद २
जानेवारीत तुरीच्या शेंगा. रांग तीच ठेवा, फक्त दाणे बारीक असतात, म्हणून पळपुटीकडे शेंगांची टोपलीच राहू द्या आणि सोल्यांचं (सोललेल्या दाण्यांचं) पातेलं मुकादमांच्या मांडीवर. हसरीसाठी शेंग टोकाशी तुम्ही फोडून द्या.

प्रतिसाद ३
आणि सोलेभाताला आम्हाला बोलवा.