इटालियन एस्प्रेसो ब्लेंडचं एक किलोचं पाकीट दहाव्या दिवशी बेचव का होतं?

दुधाविना:
नमस्कार. गेले तीन महिने एकाच गोष्टीने छळलंय, म्हणून विचारतो.

नेपल्सच्या धाटणीचा ब्लेंड वापरतो, अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचं मिश्रण, गडद भाजलेला, एक किलोचं बियांचं पाकीट. मशीन घरगुती, ग्राइंडर वेगळा. पाकीट फोडलं त्या दिवशी 16 ग्रॅम पूड, 27 सेकंदांत 32 ग्रॅम कॉफी. वर तांबूस, जाड क्रेमा (एस्प्रेसोवरचा फेस), साखर टाकली तर क्षणभर वरच थांबणारी. चव हवी तशीच: कडू चॉकलेट, भाजलेल्या हेझलनटचा वास, आणि घोट गिळल्यावरही जिभेवर बराच वेळ राहणारी.

दहाव्या दिवशी ग्राइंडरला हातही न लावता तेच 32 ग्रॅम 18 सेकंदांत. क्रेमा फिकट पिवळा, कप टेबलावर ठेवेपर्यंत मधोमध फाटलेला. वास ओल्या पुठ्ठ्यासारखा. बिया ग्राइंडरच्या वरच्या भांड्यातच भरून ठेवतो, उरलेलं पाकीट क्लिप लावून कपाटात.

पाकिटावर भाजल्याची तारीख नाही. 'या तारखेपूर्वी वापरा' एवढंच आहे आणि तीही अजून 14 महिने लांब. मित्र म्हणतात, मोठ्या इटालियन कंपन्यांची कॉफी मुळातच शिळी असते, नाद सोड. पण नेपल्सला स्टेशनजवळच्या एका बारमध्ये उभ्याने प्यायलेली ती कॉफी मी विसरू शकत नाही. मला तीच चव हवी आहे, हलक्या भाजणीची आंबट-फळाळ नको. माझं कुठे चुकतंय?

मंद_आच:
भाजल्याची तारीख नसेल तर घेऊच नका. मी दोन आठवड्यांपेक्षा जुन्या बिया वापरत नाही. बाकी कितीही उपाय केलेत तरी गेलेला वास परत येत नाही.

पहाटेची_पाळी:
मंद_आच यांचं शेवटचं वाक्य खरं आहे, पण पहिला उपाय या ब्लेंडला लागू होत नाही. दुधाविना, तुमची कॉफी कपाटात शिळी झाली आहे, कंपनीत नव्हे. पहिल्या दिवशी 27 सेकंद आणि जाड क्रेमा मिळाला, हाच त्याचा पुरावा.

मी इटलीतल्या त्रिएस्ते शहरात दोन वर्षं एका कॉफी-बारमध्ये सकाळची पाळी केली आहे. (तिथे एस्प्रेसोला 'नेरो' म्हणतात आणि छोट्या कपातल्या दूध घातलेल्याला 'कापो'. पहिला आठवडा माझा हे पाठ करण्यातच गेला.) आमच्याकडेही असंच एक किलोचं पाकीट यायचं, भाजल्याची तारीख नसलेलं. फरक एवढाच की इटालियन पद्धतीत एका कपाला साधारण 7 ग्रॅम पूड लागते, म्हणजे एका किलोत 140 च्या आसपास कप. गर्दीच्या दिवशी सकाळी फोडलेलं पाकीट दुपार व्हायच्या आत संपायचं. तुम्ही दिवसाला 16 ग्रॅमचे दोन डोस काढत असाल तर तेच पाकीट तुम्हाला 31 दिवस पुरतं. एक किलोचं पाकीट बारसाठी बांधलेलं असतं, आणि तुम्ही ते महिनाभर उघड्यावर जगवू बघता आहात.

आता 'शिळी' म्हणजे नेमकं काय? आपण तिन्हीला शिळंच म्हणतो, पण होतात त्या तीन वेगळ्या गोष्टी.

पहिली, वास उडणं. भाजताना बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो आणि पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येतो. त्याच्याबरोबर सुगंधी द्रव्यंही जातात. क्रेमा म्हणजे याच वायूचे बुडबुडे, तेलाच्या बारीक कणांसकट. वायू संपला की क्रेमा फिकट. शिवाय वायू गेलेली पूड पाण्याला कमी अडवते, म्हणून तुमचे 27 चे 18 सेकंद झाले. त्या दिवशी दळण एक-दोन खुणा बारीक करायला हवं होतं. वास परत आला नसता, पण कॉफी पाणचट झाली नसती.

दुसरी, खवट होणं. हा ऑक्सिजनचा उद्योग. गडद भाजलेल्या बियांचं तेल पृष्ठभागावर येतं, बी चकाकते, आणि ते तेल हवेत फार लवकर बिघडतं. नेपल्सचे ब्लेंड या बाबतीत सगळ्यात नाजूक.

तिसरी, सादळणं. भाजलेली बी कोरडी ठणठणीत असते, ओल लगेच ओढते. ओल्या पुठ्ठ्याचा वास तुम्ही लिहिलात, तो मला दुसरी आणि तिसरी मिळून वाटतो.

या तिन्हींवर इटालियन लोकांनीच सगळ्यात जास्त डोकं चालवलंय. फ्रान्चेस्को इली यांनी 1933 मध्ये त्रिएस्तेत कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत डब्यातली हवा काढून तिथे दाबाखाली निष्क्रिय वायू भरायची पद्धत आणली. मिलानच्या गोलिओ कंपनीची एकेरी झडप 1960 च्या दशकातली. तुमच्या पाकिटावर जो बटणाएवढा गोल असतो तोच. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. त्यामुळे बंद पाकिटातल्या बिया काही महिने चांगल्या राहतात. ताज्या भाजणीइतक्या नाही, हे मान्य. पण कालच भाजलेल्या बियांत इतका वायू असतो की एस्प्रेसो नुसता फसफसतो. आठ-पंधरा दिवस मुरू द्याव्याच लागतात.

पाकिटाचं वय ओळखायचं असेल तर कंपनी एकूण मुदत किती देते ते शोधा. 18 महिने असेल तर तुमचं पाकीट चार महिन्यांचं, 24 असेल तर दहा महिन्यांचं. चार महिन्यांचं मी आनंदाने घेईन. दहा महिन्यांचं दुकानातच ठेवीन. दळलेल्या कॉफीची टणक वीट मात्र कधीच घेऊ नका. हवा काढून सील करण्याआधी पुडीतला वायू जाऊ द्यावा लागतो, नाहीतर वीट फुगते. म्हणजे ती तुमच्या हातात येण्याआधीच बराचसा वास गेलेला असतो.

आणि मित्रांना सांगा, फळाळ नाही म्हणजे शिळी असं नसतं. लावात्सा असो वा किंबो, या कंपन्या वर्षानुवर्षं तीच चव मिळावी म्हणून अनेक देशांच्या बिया मिसळतात, आंबटपणा मुद्दाम खाली ठेवतात. रोबस्टा क्रेमाला टिकाव देतो, घोटाला वजन देतो, आणि त्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. तुम्हाला जिभेवर राहणारा जो कडवटपणा आवडला तो या मिश्रणाचा आणि गडद भाजणीचा. ती चव ठरवून बांधलेली आहे.

शेवटचं, आणि हे आजच करा. ग्राइंडरचं वरचं भांडं रिकामं करून आतून बोट फिरवा. चिकट तपकिरी थर लागेल, त्याचा वास घ्या. आमच्या बारमध्ये रोज रात्री ते भांडं पुसल्याशिवाय दिवे बंद करायचे नाहीत असा दंडक होता.

घोटभर:
पहाटेची_पाळी, फ्रीजरबद्दल तुमचं मत काय? काही जण छातीठोकपणे नको म्हणतात.

पहाटेची_पाळी:
फ्रीजर चांगला, फ्रिज वाईट. फ्रिजमध्ये ओल, इतर पदार्थांचे वास, आणि दिवसभर दार उघडझाप. फ्रीजरमध्ये ठेवायचं तर पाकीट फोडल्या दिवशीच छोटे वाटे करून हवाबंद भरा. एक वाटा एकदाच बाहेर काढायचा. काढल्यावर बरणी बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, रात्री काढून सकाळी उघडा. थंड बियांवर हवेतलं पाणी धरतं आणि सादळण्याचं काम पाच मिनिटांत होतं. नको म्हणणाऱ्यांचा अनुभव बहुतेक याच पाच मिनिटांचा असतो.

दुधाविना:
पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. आधी जुन्या बिया संपवल्या.

बोट फिरवलं. थर होता, आणि वास अगदी तळणीच्या जुन्या तेलाचा. खालच्या पात्यांच्या खाचांत तर पुडीचा काळा लगदा बसला होता, लाकडी काडीने कोरून काढावा लागला. इतके दिवस प्रत्येक ताज्या दळणात मी तो मिसळत होतो. भांडं साबणाच्या पाण्याने धुऊन एक दिवस वाळवलं.

कंपनीची मुदत 24 महिने निघाली. या वेळी 21 महिने शिल्लक असलेलं पाकीट शोधलं, म्हणजे तीन महिन्यांचं. त्याच ब्लेंडचं. आल्या दिवशी 125 ग्रॅमच्या आठ बरण्या भरल्या, एक बाहेर, सात फ्रीजरमध्ये. भांड्यात आता फक्त त्या वेळेपुरत्या मोजून 16 ग्रॅम टाकतो.

आज आठवी बरणी उघडली, पाकीट फोडून 29 वा दिवस. झाकण काढताना हेझलनट आला. दळण पहिल्या दिवसापेक्षा एक खूण बारीक, 26 सेकंद, 32 ग्रॅम. क्रेमा पहिल्या बरणीइतका जाड नाही, पण फाटला नाही, कप रिकामा झाला तरी कडेला तांबूस रेघ होती. चव अजूनही नेपल्सच्या त्या कपाएवढी दाट नाही. पहाटेची_पाळी, आता 14 ग्रॅमवर येऊन दळण आणखी बारीक करून बघू का?

पहाटेची_पाळी:
बघा. बास्केट (मशीनमधली पूड भरायची जाळीची वाटी) मात्र 14 ग्रॅमचं घ्या, 16 च्या बास्केटमध्ये कमी पूड भरू नका. आणि कप आधी उकळत्या पाण्यात ठेवा, नेपल्सला तो ओठाला चटका बसेल इतका गरम असतो.