अख्खा ऐकलात का? नव्या अल्बमांबद्दल किनाऱ्यावरून

रत्नागिरी (धागा काढणारा)

भाट्याच्या पुलावर परवा एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. विषय होता डब्लिनच्या फोंटेन्स डी.सी. या बँडचा 'रोमान्स'. तो म्हणाला, पोरं बाजारू झाली. मी विचारलं, किती गाणी ऐकलीस? चार. अकरातली चार! आपल्याकडे आंब्याची पेटी घेताना गिऱ्हाईक वरचे चार आंबे बघून पैसे देत नाही, खालचा थर उचकटून बघतं. म्हणून हा धागा.

अट एकच. स्वतंत्र रॉक बँडचा, शक्यतो अलीकडचा अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, निदान दोनदा ऐकलेला असावा. कुठे बसून ऐकलात तेही लिहा. अल्बम पहिल्यांदा जिथे ऐकला तिथली हवा त्यात मुरते असा माझा पक्का समज आहे. 'जबरी', 'अंगावर काटा' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

सुरुवात मीच करतो. 'रोमान्स' ऑगस्ट २०२४ मध्ये आला. गणपतीच्या गर्दीत मांडवी एक्सप्रेसने घरी येत होतो, दाराशी बॅगेवर बसून ऐकला, संपला तसा परत लावला. त्यातलं दुसरं गाणं 'स्टारबर्स्टर'. गायक ग्रियन चॅटनला लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनात पॅनिक अटॅक आला होता, त्यातून ते निघालं. गाण्यात मध्येच तो घशातून कचकन श्वास ओढतो, आणि तो श्वासच ताल होऊन बसतो. उक्षी स्टेशन गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर काळोख, रुळांचा आवाज दुप्पट, आणि कानात तो श्वास. शेजारच्या काकांनी विचारलं, "दमा आहे का?" माझा श्वास कधी त्याच्याबरोबर चालायला लागला मला कळलंच नव्हतं.

मत: पहिले तीन अल्बम डॅन केरीने ध्वनिमुद्रित केले, ते खरबरीत होते. इथे निर्माता जेम्स फोर्ड आहे, आवाज ऐसपैस झालाय. मित्राला तेच खुपतं. मला उत्तरार्धात दोन ठिकाणी कंटाळा आला, हे कबूल. पण शेवटच्या 'फेव्हरिट'ला पोचल्यावर आधीचा सगळा अंधार कशासाठी होता ते कळतं. चार गाण्यांत ते कळणार नाही.

देवगड

गीझ या न्यूयॉर्कच्या बँडचा 'गेटिंग किल्ड', २०२५. पहिल्याच गाण्यात गाडीत बॉम्ब आहे म्हणून तो गायक जीव तोडून किंचाळतो. स्पीकर पडवीत होता. आजी माजघरातून काठी घेऊन धावत आली, "खय आसा रे साप, खय आसा?" दुसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकला. उत्तम आहे.

कुडाळ

मी भजनात पखवाज वाजवतो, रॉकमधलं मला फार कळत नाही. पण एक लिहायचं आहे.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, ज्यांनी रात्रभर बसून ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे, मंडळाचा जीव बुवात, म्हणजे मुख्य गाणाऱ्यात असतो. चाल त्यांची, शब्द त्यांचे, समोरच्या बुवाला चिमटा काढायचा तोही त्यांनीच. २०२२ साली आमचे बुवा मंडळ सोडून गेले. भांडण नाही, काही नाही. "माका आता जमणा नाय," म्हणाले आणि थांबले. पुढे सहा बाऱ्या ठरलेल्या.

भाचा पुण्याला शिकतो. तो म्हणाला, मामा, एका इंग्लिश बँडचं अगदी तुमच्यासारखंच झालंय. ब्लॅक कंट्री, न्यू रोड. त्यांचा 'ॲन्ट्स फ्रॉम अप देअर' ४ फेब्रुवारी २०२२ ला यायचा होता आणि चार दिवस आधी त्यांचा गाणारा आयझॅक वूड बाहेर पडला. मन साथ देत नाही म्हणाला. मी तो अल्बम पखवाजाला शाई भरून आणायला गेलो होतो तेव्हा वाटेत मोटारसायकल लावून एका साकवावर बसून ऐकला. सॅक्सोफोन आहे, व्हायोलिन आहे. शेवटचं 'बास्केटबॉल शूज' बारा मिनिटांच्या वर जातं. ते जसं चढतं तसा आमचा गजर चढतो: आधी झांज नुसती बोटाने लावल्यासारखी, मग कोरस, मग लय कोणाच्या हातात राहत नाही. इंग्रजी शब्द मला अर्धे कळले. त्या माणसाला पुढे गायचं नाहीये हे मात्र आवाजावरून कळत होतं. की भाच्याने आधी सांगितलं म्हणून मला तसं वाटलं? कोण जाणे.

खरा मुद्दा पुढचा. त्या पोरांनी ठरवलं की आयझॅकची गाणी त्याच्याशिवाय वाजवायचीच नाहीत. अल्बमचं एवढं कौतुक झालेलं, आणि त्यातलं एक गाणं नाही! सगळी नवी गाणी बांधली, ती लोकांसमोर वाजवली आणि तेच ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये 'लाइव्ह ॲट बुश हॉल' म्हणून काढलं. आम्ही उलट केलं. बुवांच्याच चाली, एका वीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधल्या. पोरगा चांगला गायला. तरी तिसऱ्या बारीला मागून कोणीतरी बोललंच, "चाल तेचीच, गळो दुसरो." पोराचं तोंड उतरलं. आता वाटतं, पडलो असतो तरी चाललं असतं, पण नव्या चालीवर पडायला हवं होतं.

२०२५ च्या 'फॉरएव्हर हाउलाँग'मध्ये आता तिघी जणी गातात. शीर्षकगीतात बाकीचे चक्क रेकॉर्डर, ती शाळेतली बासरी, घेऊन बसलेत. सुंदर आहे, तिघींचे गळे वेगळे आहेत, वाद्यांची वीण आधीपेक्षा बारीक आहे. पण तीन बुवांचं मंडळ झालंय. बारी कोणी धरलीय ते समजत नाही. मी अजून दोनदा ऐकेन आणि मग मत बदललं तर लिहीन.

भाट्याच्या पुलावरचा मित्र

चार नव्हे, पाच. आणि पेटीतले वरचे पाच नासके निघाले तर मी खालचा थर बघत नाही, पेटी परत करतो.

हर्णै, दापोली तालुका

आमचा होमस्टे आहे. ख्रुआंगबिन हा टेक्सासचा तिघांचा बँड, गिटार, बास, ड्रम, गाणं जवळजवळ नाहीच. २०२४ चा 'अ ला साला' आमच्याकडे सकाळी नाश्त्याला लागतो. का, तर २०२३ च्या डिसेंबरपासून पुण्याहून येणारा प्रत्येक दुसरा पाहुणा ब्लूटूथवर याच बँडचं काहीतरी लावत होता. म्हटलं, आपणच लावू.

दोनशे वेळा ऐकलेल्या माणसाचं मत घ्या: कोणालाच त्रास न देणारा अल्बम आहे आणि तीच त्याची तक्रार. बासवर लक्ष ठेवलं तर खूप काही सापडतं, लॉरा ली फार कमी सूर लावते आणि जागा सोडते. पण कोणी लक्ष ठेवत नाही. घावणे, चटणी आणि ख्रुआंगबिन. एकदा वीज गेली आणि अल्बम मध्येच बंद पडला. आठ पाहुण्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता, त्याचा आवाज तेवढा वर आला. मला तो जास्त आवडला.

चिपळूण

माझा अल्बम नवा नाही, पण नव्यापर्यंत येते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. खाली कपाटात माझ्या कॉलेजच्या कॅसेट आणि सीड्या. तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडच्या 'कंदिसा'ची सीडी मिळाली, प्लास्टिकच्या डबीत बोटभर गाळ. नळाला पाणी नव्हतं, विहिरीतही तोच चिखल, म्हणून ती टँकरच्या पाण्याने धुतली. शेजारीण म्हणाली, बाई, आधी भांडी धू. बरोबरच होतं तिचं.

सीडी चालली. पण पहिलंच गाणं 'मा रेवा', नर्मदेचं स्तवन. बँडमधले राहुल राम स्वतः नर्मदा बचाव आंदोलनात होते, तिथून आलेलं ते लोकगीत. नदीला आई म्हणणारं गाणं, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. बंद केलं.

त्यांच्या '१६/३३० खजूर रोड'ला मात्र पुराचं भय नव्हतं, तो माझ्याकडे फक्त मेलच्या डब्यात होता. २०१० मध्ये त्यांनी तो महिन्याला एक गाणं असा फुकट वाटला. दिल्लीतल्या ज्या घरात सराव करायचे त्या घराचा पत्ता म्हणजे अल्बमचं नाव. त्यांचे गायक असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले होते, आणि गाणी यायची तर त्यांचाच आवाज. दर महिन्याला वारलेल्या माणसाचं पत्र यावं तसं वाटायचं.

आता २०२३ चा 'तू है'. त्याआधीचा 'तांदानू' २०१४ चा, म्हणजे हा नऊ वर्षांनी आलेला. वादन स्वच्छ, बांधणी पक्की, आणि तरी मी सारखी कोणाला तरी शोधत होते. असीम नाहीत, सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. त्यांची गिटार बोलण्याच्या वेगाने चालायची, आताची अधिक सफाईदार आहे. दुसऱ्यांदा ऐकताना ठरवलं की जुन्यांची हजेरी घ्यायची नाही, तेव्हा बरा वाटला. बरा, एवढंच.

'कंदिसा' अजून लावते. पहिलं गाणं गाळून. धाग्याची अट मोडली, माहीत आहे.

अलिबाग

'स्वतंत्र' कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. फोंटेन्सचा 'रोमान्स' एक्सएल रेकॉर्डिंग्जने काढला. तीन बड्या कंपन्यांपैकी ती नाही, पण झोपडीतही राहत नाही. दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडने 'रक्षक' स्वतः काढला, दुसरा अल्बम अमेरिकन कंपनीकडून आला. दोघेही 'इंडी'?

माझी कसोटी पैशाची. बँडकॅम्प या संकेतस्थळावर बँडकडून थेट डिजिटल अल्बम घेतला तर ते १५ टक्के कापतात, व्यवहाराचं शुल्क वगळून बाकी बँडकडे. काही ठरावीक शुक्रवारी, 'बँडकॅम्प फ्रायडे'ला, तेही घेत नाहीत. करोनात, मार्च २०२० पासून, ही प्रथा सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या किंग गिझर्ड या बँडने जुलै २०२५ मध्ये स्पॉटिफायवरून सगळं काढून घेतलं, कारण तिथल्या मालकाने लष्करी तंत्रज्ञानाच्या कंपनीत पैसा घातला होता. माझी सकाळच्या चालण्याची यादी रातोरात रिकामी झाली. चिडलो, आणि मग बँडकॅम्पवर त्यांचा सत्ताविसावा अल्बम 'फँटम आयलंड' घेतला. ऑर्केस्ट्रा आहे. नको होता.

मिरकरवाडा, रत्नागिरी

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी बंद. जाळी विणायची, इंजिन उघडायचं, आणि गाणी. ब्लडीवूडचा 'नु दिल्ली' २ मे २०२५ ला आला, आम्ही तो बंदीत शेडमध्ये वाजवला. आठच गाणी, अर्धा तास झाला की संपला. एक सुई जाळ्यात फिरते न फिरते तोवर परत पहिल्यापासून.

मी शिमग्यात ढोल वाजवतो, म्हणून एक बोलतो. त्यांचा ढोल पंजाबी, तो वेगळा, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण 'रक्षक'मध्ये ढोल पुढे होता, गिटारच्या छातीवर बसायचा. 'नु दिल्ली'त गिटारच्या मागे लपतो. पालखी नाचवताना ढोल मागे राहिला तर पालखी उचलणारे थांबतात. 'तडका' खाण्यावरचं गाणं आहे, ते आवडलं. त्याला आमच्या तांडेलनेही मान हलवली. जपानी मुलींबरोबरचं 'बेखौफ' पोरांना फार आवडतं, मला लग्नातल्या डीजेसारखं वाटलं. पोरं म्हणतात, तुम्ही म्हातारे झालात. असेन.

राजापूर

सिंडी ली, 'डायमंड ज्युबिली', मार्च २०२४. हा बँड नाही, एकच माणूस आहे, अलिबागवाल्यांनी ओरडू नये. बत्तीस गाणी, दोन तासांहून लांब. आला तेव्हा कुठल्याही स्ट्रीमिंगवर नव्हता, युट्यूबवर सलग एकच व्हिडिओ आणि एक जुनाट दिसणारं संकेतस्थळ. गाणं निवडून ऐकायची सोय तेव्हा फारशी नव्हती.

आंब्याचा हंगाम ऐन भरात होता आणि राखणीचे गडी गावी गेलेले. मांगरात रात्री मी एकटा, बॅटरी आणि फोन. बागेत रेंज नाही, म्हणून अल्बम बाजारात उतरवून घेतला होता. आवाज असा, की लहानपणी खरखरीतून आकाशवाणी लागायची, आणि मध्येच कुठलं तरी लांबचं केंद्र त्यात मिसळायचं. साठच्या दशकातल्या मुलींच्या गाण्यासारखं काहीतरी, पण भिंतीपलीकडे. साधारण निम्म्यावर मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाणं चालू होतं आणि खालच्या अंगाला दोन कलमं झेल्याने उतरवून नेली होती.

अल्बम चांगला आहे, पण राखणीला नाही.

वेंगुर्ला

वरचं वाचून हसले, मग वाईट वाटलं.

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, दिल्लीची, 'बीटा', ऑगस्ट २०२४. मी शिलाई करते, मशीन चालू असताना ऐकते, म्हणून बारीकसारीक मला सापडत नाही. पण त्यांचा ट्रम्पेट मशीनच्या आवाजावरही ऐकू येतो. आमच्याकडे वरातीत बँडवाले पुढे येतात, चेहरे घामाने निथळलेले आणि गाणं आनंदाचं, तसा तो वाजतो. गायक सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या इंग्रजी पिक्चरमधल्या हॉटेलात गाणाऱ्या माणसाचा. पहिल्यांदा ऐकताना बाहीला उलटा कॉलर शिवला, यावरून काय ते समजा. 'बिस्मिल्लाह' हा त्यांचा आधीचा, २०१९ चा, मला जास्त घट्ट वाटतो. 'बीटा'त गाणी एकमेकांचा हात सोडून चालतात.

इतकी मतं झाली, सगळी इंग्रजीची नाहीतर हिंदीची. अभंग रिपोस्टची गाणी मी ऐकते, अभंगाला गिटार आणि ड्रम शोभतात. पण जुन्या संतांचे शब्द न घेता, आजच्या मराठीत, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एका दमात ऐकावा असा रॉक अल्बम कोणी केला असेल तर नाव टाका. बांगडे साफ करायचेत, रात्री जेवणं झाली की ऐकते.